बांधावरची अकरा मिनिटं: एका पक्षीनिरीक्षण फेरीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आमच्या गटाची नोंदणी नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. शनिवारी रात्री कुणीतरी ग्रुपवर "उद्या तलावावर कोण कोण?" असं टाकतं आणि सकाळी जे येतील ते. एरवी सात-आठ जण जमतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या रविवारी १७ जण आलो. आधीच्या रविवारी कुणीतरी चमच्यांच्या, म्हणजे चमच्यासारख्या चोचीच्या पक्ष्यांच्या, थव्याचा झकास फोटो टाकला होता, त्याचा हा परिणाम.

१७ पैकी ६ जण आयुष्यात पहिल्यांदा दुर्बीण डोळ्याला लावत होते. सगळ्यांत लहान ९ वर्षांची मुलगी, सगळ्यांत मोठे सत्तरी ओलांडलेले काका. दुर्बिणी ७, बहुतेक ८ बाय ४२च्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणाऱ्या. स्कोप, म्हणजे तिवईवरची एकनळी दुर्बीण, एकच, माझा. कॅमेरे ५, त्यांतल्या एकाला ६०० मिलिमीटरची लेन्स. तो कॅमेरा कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाचा. नावं इथे बदललेली नाहीत, दिलेलीच नाहीत.

मी या तलावावर दहा-बारा वर्षं येतोय. गटाचा म्होरक्या मी, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. मी थांबलो की सगळे थांबायचे, मी दुर्बीण वर केली की सगळ्यांच्या दुर्बिणी वर जायच्या, एवढंच. हे 'एवढंच' त्या दिवशी महागात पडलं.

जागेचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे. पाण्यात शिरणारा मातीचा एक बांध, वरून पायवाट, लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास. टोकाला पाणी, म्हणजे गेलो त्याच वाटेनं परत यायचं. बांधाच्या एका अंगाला पाणकणसाचं दाट बेट, दुसऱ्या अंगाला पाणी ओसरून उघडी पडलेली खडी आणि भेगाळत चाललेला चिखल. हिवाळ्यात ही खडी पाण्याखाली असते. मार्चमध्ये ती कोरडी होते आणि चिखल्यांना, म्हणजे काठावर पळणाऱ्या त्या छोट्या पक्ष्यांना, नेमकी अशीच जागा अंडी घालायला हवी असते. हे मला पक्कं माहीत होतं. त्या सकाळी आठवलं मात्र नाही.

सकाळ

सुरुवात छान झाली. शेकाट्या भरपूर, हळदी-कुंकू बदकांची एक जोडी, वारकरी, टिबुकल्या, जांभळ्या पाणकोंबड्यांची नेहमीची भांडणं. परतीच्या स्थलांतरावर निघालेली भुवई बदकं आणि मागे रेंगाळलेले चार-पाच थापट्ये. वर एकदा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला तेव्हा अख्खं पाणी फडफडत उठलं आणि नवख्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यासाठीच तर मी नवीन माणसांना घेऊन येतो. एक तपकिरी कुत्रंही आमच्या मागे लागलं होतं. ते कुणाचंच नव्हतं, म्हणून कुणी हाकललं नाही.

टोकाला जाऊन आम्ही आठच्या सुमारास परत फिरलो. चार जण झपाझप पुढे निघून गेले. बाकीचे माझ्यासोबत.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे ती ९ वर्षांची मुलगी मला म्हणाली, "काका, त्या पक्ष्याला लागलंय."

खडीवर, आमच्यापासून दहा-बारा पावलांवर, एक कंठेरी चिखल्या अंग तिरकं करून चालला होता. चिमणीहून थोडा मोठा, वजन ४० ग्रॅमच्या आसपास, गळ्यात काळा कंठा, डोळ्याभोवती पिवळंधमक कडं. एक पंख जमिनीवर पसरलेला, शेपूट पंख्यासारखी उघडलेली. दोन पावलं फरफटत जायचा, मागे वळून आमच्याकडे बघायचा, पुन्हा फरफटायचा.

त्याला काही लागलेलं नव्हतं. घरटं जवळ असलं की हा पक्षी पंख मोडल्याचं सोंग करतो आणि शत्रूला आपल्या मागे ओढून नेतो. मी नजर फिरवली आणि वाटेपासून पाच-सहा पावलांवर खळगा सापडला. वाटीच्या बुडाएवढा. त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत वळवून फुलीसारखी मांडलेली. रंग खड्यांचाच, वर काळे-तपकिरी ठिपके. नजर हलवली की अंडी हरवायची.

प्रश्न नेमका काय होता

मी बोलायला लागलो.

सोंग म्हणजे काय, अंड्यांची टोकं आत का (त्या इवल्या पोटाखाली चारही मावावीत म्हणून), नर आणि मादी आळीपाळीनं साधारण साडेतीन आठवडे कशी उबवतात, पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच कशी पळू लागतात. सगळं बरोबर सांगितलं. पुढे गेलेल्या चौघांना मीच हात हलवून परत बोलावलं. "नीट बघा, खड्यांत अंडी ओळखू येत नाहीत," हेही मीच म्हणालो. लोकांनी नीट बघितलं, म्हणजे एकेक पाऊल पुढे सरकून बघितलं.

हे सगळं दोन-तीन मिनिटं चाललं असेल, अशी माझी समजूत होती. संध्याकाळी सगळ्यांचे फोटो एकत्र केले तेव्हा त्यांवरच्या वेळा बघितल्या. पहिला फोटो ८ वाजून २१ मिनिटांचा, त्या जागेवरचा शेवटचा ८ वाजून ३२ मिनिटांचा. अकरा मिनिटं आम्ही सतरा जण एका घरट्याच्या उशाशी उभे होतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मी बोलत होतो.

आणखी एक गोष्ट फोटोंतच सापडली. जाताना, ७ वाजून ६ मिनिटांनी, कुणीतरी शेकाट्यांचा फोटो घेतला होता. त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक धूसर ठिपका खडीवरून पळताना दिसतो. तोच चिखल्या. म्हणजे जाताना आम्ही त्याला एकदा उठवलं होतं आणि कुणाच्या गावीही नव्हतं.

अकरा मिनिटांनी काय बिघडतं? थंड हवेत अंडी थोडा वेळ उघडी राहिली तर बहुधा निभावतं. खरी भीती उन्हाची. उबवणाऱ्या पक्ष्याच्या पोटाखाली अंड्याला साधारण ३७-३८ अंश तापमान लागतं, आणि कोरडी खडी उन्हात त्याच्या कितीतरी वर जाते. म्हणून उघड्यावर घरटं करणारे चिखल्ये आणि टिटव्या दुपारी अंड्यांवर नुसती सावली धरून उभ्या राहतात, कधी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात. साडेआठची वेळ अजून सुसह्य होती, पण पुढचं प्रत्येक मिनिट आधीच्यापेक्षा तापणार होतं. शिवाय बांधावरच्या खांबावर दोन कावळे येऊन बसले होते, आणि कुत्रं खडीकडे नाक लावून उभं होतं.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय ८:३२ला घेतला, आणि तो चुकला. खरं तर निर्णय घेतोय हेही तेव्हा कळलं नाही. शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम गटात आहेत. त्या हळूच म्हणाल्या, "ती परत बसणार कधी, आपण असे उभे असल्यावर?" मी भानावर आलो आणि म्हणालो, "चला, मागे."

मागे! परतीची वाट पुढे होती. तसेच चालत राहिलो असतो तर दोन मिनिटांत आमचा त्या पक्ष्याशी संबंध संपला असता. मी मात्र सगळ्यांना उलट, टोकाच्या दिशेनं सत्तर-ऐंशी पावलं नेलं. कारण सांगतो: त्या बाजूला सूर्य पाठीशी येत होता आणि स्कोपमधून पक्षी झळझळीत दिसणार होता. पक्ष्याला त्रास नको म्हणून मागे सरतोय, असं मी स्वतःलाही पटवलं होतं. घरटं आता आमच्या आणि घराच्या मधे आलं.

तिथे उभं राहिल्यावर पर्याय मोजायला लागलो.

खडीच्या बाजूनं लांबून वळसा घालता आला असता. पण त्या पट्ट्यात आणखी घरटी असणार, शेकाट्यांचाही तोच इलाका. ज्या खडीत दिसलेली अंडी दिसेनाशी होतात, तिथे न दिसलेल्यांवर सतरा माणसांचे पाय पडले असते. दुसऱ्या बाजूला पाणकणसातून जायचं तर मांडीभर चिखल, सोबत एक लहान मूल आणि गुडघे दुखणारे काका.

दोघा-दोघांनी, पाय न वाजवता पार व्हायचं, असं बहुतेकांचं मत पडलं. ऐकायला हे फार सौम्य वाटतं, मलाही वाटलं. मॅडमनी हिशेब मांडला: सतरा माणसं म्हणजे आठ-नऊ फेऱ्या, प्रत्येक फेरीला पक्षी उठणार आणि शांत होऊन परत बसायला काही मिनिटं घेणार. तो बसेपर्यंत पुढची जोडी निघणार. म्हणजे तासभर अंडी उघडी. त्यापेक्षा सगळ्यांनी एकदम, एका ओळीत, न थांबता जावं. एकदाच उठेल.

कुणीतरी घरट्याभोवती चार काड्या रोवायला सुचवलं, उद्या येणाऱ्यांचा पाय पडू नये म्हणून. हेतू चांगला. पण खुणेच्या काड्या माणसाला दिसतात तशा कावळ्यालाही दिसतात, आणि त्या रोवायला पुन्हा घरट्यापाशी जावं लागलं असतं.

ऊन उतरेपर्यंत तिथेच बसावं, हा पर्याय गमतीत निघाला आणि गमतीतच गेला.

काय केलं

आधी तो परत बसायला हवा होता. अंडी तापायच्या आत त्याला थोडी उसंत द्यायची आणि मगच पुन्हा उठवायचं, असं ठरलं. इथे मोठ्या लेन्सवाल्या मुलाचा प्रश्न आला.

"दादा, मी एकटाच जातो. झोपून. दोनच मिनिटं. लाइट बघा ना काय आलाय."

त्याला नाही म्हणायचा अधिकार मी दहा मिनिटांपूर्वी घालवून बसलो होतो. मी काहीतरी पुटपुटलो. मॅडमनी मात्र त्याला नाही म्हटलंच नाही. त्या म्हणाल्या, "तू स्कोपवर बस. ती परत बसायला किती वेळ घेते ते तू मोज. आमच्यापैकी कुणाला नीट जमायचं नाही."

तो बसला. घड्याळ लावलं. सगळे बांधावर मांडी घालून बसल्यावर चिखल्याचं सोंग संपलं. तो उभा राहिला, पंख झटकले, खडीवर चार पावलं पळाला, थांबला. पुन्हा चार पावलं, थांबला. भलत्याच जागी चोच मारल्यासारखं केलं. घरट्यापासून हातभर अंतरावर येऊन परत मागे गेला. मग एकदम खळग्यावर आला, छातीची पिसं फुगवली, डावीकडे-उजवीकडे अंग घुसळून अंडी पोटाखाली घेतली आणि खाली बसला. स्कोपमधला तो पक्षी दिसेनासा झाला, राहिला फक्त पिवळं कडं असलेला एक डोळा.

"नऊ मिनिटं चाळीस सेकंद," मुलगा म्हणाला. मग आपणहून म्हणाला, "म्हणजे आधीची धरून वीसच्या वर."

प्रत्येकानं एकेकदा स्कोपला डोळा लावला. सत्तर-ऐंशी पावलांवरून जे दिसलं ते दहा पावलांवरून दिसलेल्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. जवळून आम्ही घाबरलेला पक्षी बघितला होता. इथून त्याचं रोजचं काम दिसत होतं.

काकांनी गळ्यातल्या दुर्बिणीचा पट्टा सोडवून कुत्र्याच्या मानेत अडकवला. कुत्रंही गुणी, निमूट गेलं. ८:५०ला काका आणि कुत्रं पुढे, मागे आम्ही, एका ओळीत, बांधाच्या पाणकणसाकडच्या कडेनं. थांबायचं नाही, बोलायचं नाही, खळग्याकडे बघायचं नाही. हे तिसरं सगळ्यांत कठीण गेलं. काका तीसेक पावलांवर असताना पक्षी उठला. आम्ही मिनिटभरात पार झालो. लांब गेल्यावर मुलानं पुन्हा स्कोप लावला. उठल्यापासून बसेपर्यंत सहा मिनिटं. कावळे मात्र खांबावरच होते.

फोटोचं प्रकरण

सगळं निस्तरलं असं वाटत असताना संध्याकाळी ग्रुप उघडला. पहिल्यांदाच आलेल्या एक ताईंनी सकाळी ८:२९ला, म्हणजे आम्ही तिथे उभे असतानाच, अंड्यांचा जवळून काढलेला फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं: "दुसऱ्या वळणाच्या अलीकडे, मोडक्या खांबापाशी." ग्रुपवर १४० जण. तिघांनी एवढं लिहिलेलं असूनही लोकेशन मागितलं होतं.

काहीच करायचं नाही, गुपचूप काढायला सांगायचं, की ग्रुपवर उघड बोलायचं? उघड बोललं तर पहिल्याच फेरीला आलेल्या बाईंची शोभा. गप्प बसलं तर उद्या सकाळी खांबापाशी गर्दी. मी आधी त्यांना फोन केला. त्या ऐकून चकित झाल्या. "अहो, पण तुम्हीच तर म्हणालात, नीट बघा!"

यावर काय बोलणार? त्यांनी फोटो लगेच काढला. तोवर तो किती फोनांत उतरला होता, ते कळायला मार्ग नाही. मग मी ग्रुपवर तीन ओळी लिहिल्या: बांधावर वीण चालू आहे, आज मीच घरट्यापाशी सगळ्यांना फार वेळ थांबवलं, पुढचा महिनाभर बांधाच्या सुरुवातीवरूनच बघू या. दोषाचं माप स्वतःच्या पदरात घेतल्यावर कुणी वाद घातला नाही.

२००२ पासून चालू असलेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर मी त्या दिवसाची यादी भरली. तिथे संकटात असलेल्या काही पक्ष्यांची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, पण कंठेरी चिखल्या तसा सर्रास दिसणारा पक्षी, त्याला ते कवच नाही. म्हणून घरट्याचा उल्लेख टाळला. यादीत ४१ जाती झाल्या. त्यांत एक ओळ: कंठेरी चिखल्या, २.

निष्पत्ती

दोन दिवसांनी बांधाच्या सुरुवातीवरून स्कोप लावला तेव्हा पक्षी बसलेला होता. नवव्या दिवशी खळगा रिकामा.

पिल्लं निघाली की अंडी गेली, हे रिकाम्या खळग्यावरून लांबून सांगता येत नाही. पिल्लं निघाल्यावर आईबाप टरफलं उचलून दूर टाकतात, आणि अंडी पळवणाराही मागे काही ठेवत नाही. पिल्लं निघाली असतील तर खळग्याच्या तळाशी टरफलाच्या बारीक कपच्या सापडू शकतात. ते बघायला खाली उतरायचा मोह झाला. पण पिल्लं निघाली असतील तर ती पन्नास पावलांच्या आत कुठेतरी खड्यांत दबा धरून बसलेली असणार, आणि दिसणार तर नाहीतच. उतरलो नाही.

आणखी आठवड्यानं त्याच काठावर एक जोडी दिसली, पिल्लं दिसली नाहीत. घरटं मोडलं तर हे पक्षी त्याच हंगामात पुन्हा अंडी घालतात, तेव्हा ती नवी तयारीही असू शकेल. पायात ओळखीची कडी नाहीत, तेव्हा हीच ती जोडी असंही म्हणता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ग्रुपवर नंतर नियमावली करू या अशी टूम निघाली. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. पंधरा कलमांचा मेसेज सगळे अंगठा दाखवून पुढे सरकवतात. आणि त्या सकाळी नियम मोडणारा कुणी आडदांड नव्हता. ज्याला सगळे नियम पाठ होते तोच उभा राहून व्याख्यान देत होता.

खरी गोष्ट आदल्या संध्याकाळी करायची होती. मार्च ते मे या काळात आदल्या दिवशी एकट्यानं बांधाच्या सुरुवातीला उभं राहून अर्धा तास खडी न्याहाळली असती, तर पळणारा चिखल्या दिसला असता आणि फेरी बांधावर नेलीच नसती.

सतरा जण आणि एक स्कोप हे गणितही सकाळीच चुकलं होतं. दोन गट करून एक बांधावर, एक सुरुवातीला थांबणारा, असं करता आलं असतं. मी ते केलं नाही, कारण सगळ्यांना सगळं मीच दाखवावं असं मला वाटत होतं.

बोलण्याबाबत मी आता एक सवय लावून घेतोय: आधी चालायचं, मग सांगायचं. पक्षी सोंग करताना दिसला की तोंडातून एकच वाक्य, "चालत राहा, पुढे सांगतो." पुढे म्हणजे घरच्या दिशेनं. दोनदा जमलं, एकदा नाही.

मॅडमना आम्ही मागचं टोक सांभाळायला सांगितलं आहे. गट कुठेही थांबला की त्या घड्याळ बघतात आणि तीन मिनिटांनी "झालं" म्हणतात. त्यांचं ऐकलं जातं. मला वाटतं, त्यांना पक्ष्यांची नावं फारशी येत नाहीत याचाही त्यात वाटा असावा. त्या पक्षी दाखवत नाहीत, त्यामुळे त्या थांबल्या म्हणून कुणी थांबत नाही.

एक निर्णय अजून लोंबकळतोय. त्या मुलाच्या कॅमेऱ्यात, त्या अकरा मिनिटांतला, सोंग करणाऱ्या चिखल्याचा एक फोटो आहे. पंख पसरलेला, प्रत्येक पीस वेगळं, पिवळं कडं थेट लेन्समध्ये बघतंय. इतका चांगला फोटो आमच्यापैकी कुणी आजवर काढलेला नाही. स्पर्धेला पाठवू का, असं त्यानं मला विचारलं. त्याला तिथे उभं मीच केलं होतं, त्यामुळे मला हो म्हणवेना आणि नाहीही. त्यानं तो अजून कुठे पाठवलेला नाही. पुसलेलाही नाही.